थांबलेलें यंत्र आणि थांबविलेलें यंत्र

मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या कुटुंबांनीं गेल्या कांहीं वर्षांत नळ कोरडा पडण्याचे दोन मोठे प्रसंग पाहिले. दोहोंचें मूळ एकाच ठिकाणीं होतें. तें ठिकाण म्हणजे भांडुपचें जलशुद्धीकरण केंद्र. तानसा, वैतरणा अशा दूरच्या तलावांचें पाणी येथें येतें, गाळलें जातें, निर्जंतुक होतें आणि मुंबईच्या फार मोठ्या भागाची तहान भागवितें. २०२३ सालच्या जानेवारीच्या ३० तारखेस सकाळीं दहा वाजल्यापासून दुसऱ्या दिवशीं सकाळीं दहापर्यंत अनेक विभागांचा पाणीपुरवठा महानगरपालिकेनें बंद ठेवला. केंद्राला ४,००० मिलिमीटर व्यासाची नवी वाहिनी जोडावयाची होती. त्याच बंदींत कांहीं झडपा बदलणें आणि गळती बुजविणें हींही कामें उरकावयाचीं होतीं. ही गोष्ट आगाऊ जाहीर झाली होती. घरोघर पिंपें आणि कळशा भरून ठेवण्यांत आल्या, धुणें एक दिवस पुढें गेलें, आणि थोड्याबहुत कुरकुरीपलीकडे कांहीं घडलें नाहीं.

दुसरा प्रसंग त्याच्या आधींचा, १८ जुलै २०२१ चा. आदल्या रात्रीपासून पावसानें कहर केला होता. चेंबूर आणि विक्रोळी येथें डोंगरउतारावरील वस्तींत माणसें दगावलीं. त्याच रात्रीं भांडुपच्या केंद्रांत पाणी शिरलें आणि गाळण्या व पंप चालविणारी विद्युत यंत्रणा बंद पडली. रविवारीं सकाळीं लोक उठले ते कोरड्या नळासमोर. ज्या केंद्रानें शहराला पाणी द्यावयाचें, तें पाण्यानेंच बंद पाडलें होतें! तेथील कामगारांनीं आणि अभियंत्यांनीं धांवपळ करून यंत्रें पुन्हां चालू केलीं. परंतु तोंपर्यंत घरांत साठा नव्हता, आणि पाणी उकळून प्या अशी सूचना पालिकेला द्यावी लागली.

या दोन्ही वेळीं पाणी आलें नाहीं, एवढें साम्य आहे. परंतु पहिल्या वेळीं यंत्र थांबविलेलें होतें, दुसऱ्या वेळीं तें थांबलें होतें. या दोन क्रियापदांत जें अंतर आहे, तोच आजच्या भाषणाचा विषय आहे. यंत्र हें केव्हांतरी थांबणारच. तें आपण नेमलेल्या दिवशीं थांबावें, कीं त्यानें स्वतः निवडलेल्या दिवशीं, एवढाच प्रश्न आपल्या हातीं असतो. यंत्रांची निगा राखण्याची सारी विद्या या एका प्रश्नाच्या उत्तरांत सांठविलेली आहे.

येथें कोणी म्हणेल, कीं पाऊस का कोणाच्या हातचा असतो? नसतो, हें खरें. परंतु पाऊस किती पडावा हें हातीं नसलें, तरी मोटारीचा स्विच जमिनीपासून किती उंचीवर बसवावा हें हातीं असतें. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझच्या वेधशाळेंत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्या दिवशीं ज्या कारखान्याच्या भिंतीवर पाण्याची रेघ उमटली, त्या कारखान्याला निसर्गानें फुकट दिलेला तो एक नकाशाच होता. त्या रेघेच्या खालीं पुन्हां स्विचबोर्ड बसविणारा मनुष्य पावसाला दोष देऊं लागला, तर त्याचें म्हणणें किती ऐकावें?

आतां उपनगरांतील कारखान्यांकडे वळूं. अंधेरीला मरोळची औद्योगिक वसाहत आहे. भांडुप-मुलुंडच्या बाजूस लालबहादुर शास्त्री मार्गालगत एके काळीं कारखान्यांची रांगच होती; त्यांपैकीं पुष्कळांच्या जागीं आज उंच इमारती उभ्या आहेत. तरीही घाटकोपरपासून बोरिवलीपर्यंत औद्योगिक गाळ्यांतून लेथ, प्रेस, कॉम्प्रेसर आणि छपाईयंत्रें अजून चालत आहेत. या गाळ्यांत आपल्याला एक वाक्य वारंवार ऐकूं येतें: “चाललें आहे ना? मग चालूं द्या.” हें वाक्य आळसांतून येतें असें नाहीं. मालाची मागणी महिनाअखेरची असते, कामगारांची मजुरी चढत असते, आणि धडधाकट दिसणारें यंत्र दोन तास बंद ठेवणें हें मालकाला दोन तासांचें नुकसान वाटतें. हें नुकसान डोळ्यांना दिसतें. जें नुकसान टळलें तें मात्र कधींच दिसत नाहीं. निगा राखणाऱ्याची खरी अडचण हीच आहे, कीं त्याचें यश कोणाच्या नजरेस पडत नाहीं. जो अपघात झालाच नाहीं, त्याचें बक्षीस कोण देणार?

यंत्र कां बिघडतें, याविषयींची आपली समजूत माणसाच्या देहावरून बेतलेली आहे. माणूस म्हातारा होतो, तसें यंत्रही म्हातारें होत जातें, आणि ठराविक वयाला पोंचल्यावर मोडतें, असें आपण धरून चालतों. यावरून अशी पद्धति निघाली, कीं अमुक इतके तास चाललें कीं यंत्र उघडावें, भाग बदलावे आणि पुन्हां बंद करावें. ही पद्धति वरवर शहाणपणाची दिसते. परंतु दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटनच्या समुद्रावर गस्त घालणाऱ्या विमानदळाच्या नोंदी कॉनराड वॉडिंग्टन या जीवशास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं तपासल्या, तेव्हां एक चमत्कारिक गोष्ट त्यांना आढळली. दर पन्नास उड्डाणतासांनंतर विमानाची ठराविक तपासणी होत असे. तपासणीनंतर बिघाड कमी व्हावयाचे, ते उलट वाढत, आणि पुढें जसजसे दिवस जात तसतसे ते उतरत! म्हणजे ज्या हातांनीं निगा राखावयाची, तेच हात बरें चाललेलें यंत्र उघडून त्यांत नवा दोष ठेवून जात होते. तपासण्यांमधील अंतर वाढविल्यावर विमानें अधिक तास उडूं लागलीं.

पुढें १९७८ सालीं अमेरिकेंत नोलन व हीप या दोन अभियंत्यांनीं प्रवासी विमानांच्या भागांविषयींचा आपला अहवाल लिहिला. वयानुसार झिजून बिघडणारे भाग त्यांना शेंकडा अवघे ११ आढळले. उरलेल्या शेंकडा ८९ भागांच्या बिघाडाचा वयाशीं असा कांहीं संबंध दिसला नाहीं. इतकेंच नव्हे, तर शेंकडा ६८ भागांत बिघाडाचा संभव सर्वांत अधिक होता तो नवा भाग बसविल्यानंतरच्या आरंभींच्या काळांत. विमान म्हणजे पिठाची गिरणी नव्हे, आणि हे आंकडे जसेच्या तसे प्रत्येक कारखान्यास लावतां येणार नाहींत, हें उघड आहे. पट्टा झिजतो, ब्रेकचा ठोकळा झिजतो, गाळणी तुंबते. अशा भागांना वय असतें आणि ते वेळेवर बदललेच पाहिजेत. परंतु सर्वच भागांना एकच नियम लावून, पंचांग पाहून यंत्र उघडणें ही निगा नव्हे, असें हे आंकडे सांगतात. निगा म्हणजे प्रथम लक्ष, उघडणें त्यानंतर.

मग लक्ष कसें द्यावें? यंत्र अचानक मोडतें असें आपण म्हणतों; पण पुष्कळदां तें आधीं बोललेलें असतें. मोटारीचें बेअरिंग घ्या. त्याच्या गोळ्या ज्या वाटेवरून फिरतात, त्या वाटेवर डोळ्यांना न दिसणारा एक टवका उडतो. प्रथम कंपनांत किंचित् फरक पडतो. तो केवळ उपकरणालाच कळतो. मग सूक्ष्म आवाज येतो. मुरलेला फिटर पेचकसाचें टोंक बेअरिंगच्या घरावर टेकवून मूठ कानाशीं लावतो, आणि डॉक्टरानें छाती तपासावी तसा तो आवाज ओळखतो. त्यानंतर हाताला चटका बसण्याइतकी उष्णता येते. मग जळक्या ग्रीसचा वास, मग सर्वांना ऐकूं येणारी घरघर, आणि अखेरीस शाफ्ट अडकून मोटार जळते. आतां कंपन मोजणारीं यंत्रें आलीं आहेत, उष्णता दाखविणारे कॅमेरे आले आहेत, तेलाचा थेंब तपासून त्यांतील धातूच्या कणांवरून झीज कोठें होते आहे हें सांगणाऱ्या प्रयोगशाळा आल्या आहेत. हीं साधनें महाग असलीं, तरी त्यांचा अर्थ साधा आहे: फिटरचा कान जें मागाहून ऐकतो, तें आधीं ऐकावें.

येथें एक लहानसा हिशेब ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. समजा, एखाद्या बेअरिंगांत पहिली खूण उमटल्यापासून तें मोडेपर्यंत दोन महिने जातात. मग त्याची तपासणी सहा महिन्यांनीं एकदां करण्यांत काय अर्थ? खूण उमटेल, बेअरिंग मोडेल, आणि आपली तपासणी अजून चार महिने दूर असेल! अशा बेअरिंगाकडे महिन्यांतून एकदां तरी पाहिलें पाहिजे. म्हणजे एक फेरी चुकली तरी दुसरी हातीं राहते. उलट ज्या भागाची झीज दोन वर्षें दिसत राहते, त्याच्याकडे रोज धांवण्यांत मजुरी फुकट जाते. तपासणी किती दिवसांनीं करावी, हें यंत्राच्या किंमतीवरून किंवा साहेबांच्या सोयीवरून ठरत नाहीं. पहिल्या खुणेपासून मोडण्यापर्यंत किती अवधि मिळतो, यावरून तें ठरतें.

आणि हा अवधि कळावयाचा कसा? नोंदवहीवरून. कोणत्या पंपाचें बेअरिंग केव्हां बदललें, जुनें कशानें गेलें, वंगण कमी पडलें कीं जास्त झालें, मोटार आणि पंप एका रेषेंत होते कीं वांकडे, एवढ्या चार ओळी लिहिल्या, तर तिसऱ्या वर्षीं ती वही एखाद्या अनुभवी मिस्त्र्याइतकी बोलूं लागते. एकच बेअरिंग वर्षांत तीनदां जात असेल, तर दोष बेअरिंगाचा नाहीं. तो पाया हलत असल्याचा, किंवा जोडणी वांकडी असल्याचा आहे. चौथें बेअरिंग बसविणें म्हणजे ताप कां आला हें न पाहतां कपाळावर पट्टी बदलीत बसण्यासारखें आहे. पुष्कळ कारखान्यांत हें ज्ञान एका वृद्ध मिस्त्र्याच्या डोक्यांत असतें. तो निवृत्त होतो त्या दिवशीं त्याला शाल आणि श्रीफळ मिळतें, आणि कारखान्याची तीस वर्षांची नोंदवही त्याच्याबरोबर घरीं जाते.

आतां भरंवशाचा दुसरा अंग पाहूं. दहा यंत्रें एकापुढें एक अशीं सांखळीसारखीं जोडलेलीं आहेत, आणि प्रत्येक यंत्र शंभर तासांपैकीं नव्याण्णव तास चालतें, असें समजा. प्रत्येकाचा मालक अभिमानानें सांगेल, कीं माझें यंत्र शेंकडा ९९ भरंवशाचें आहे. परंतु त्यांचे बिघाड आपापल्या वेळीं होत असतील, तर सारी सांखळी शंभरांपैकीं सुमारें ९० तासच चालेल. आणि यंत्रें तीस असलीं, तर सुमारें ७४ तास. म्हणूनच मोठ्या कारखान्यांत शेंकडा एकाच्या चुकीलाही एवढें महत्त्व असतें. यावर उपाय जोडीचा. एक पंप शंभरांपैकीं ९० तास तयार असेल, आणि त्याच्या शेजारीं तसाच दुसरा ठेवला, तर दोहोंपैकीं एक तरी तयार असण्याचें प्रमाण शेंकडा ९९ होतें.

पण या हिशेबांत तीन खड्डे आहेत, आणि आपल्या शहरानें त्यांपैकीं दोहोंत पाय घातलेला आहे. पहिला खड्डा असा, कीं जोडींतील एक दुरुस्तीला काढला म्हणजे जोडी उरत नाहीं. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं दहाच्या सुमारास मुंबई व ठाण्याच्या मोठ्या भागांतील वीज गेली आणि लोकलगाड्या जागच्या जागीं उभ्या राहिल्या. कळवा-पडघा येथील ४०० किलोव्होल्टच्या यंत्रणेंत एका मंडलाच्या दुरुस्तीचें काम चालू होतें, भार दुसऱ्या मंडलावर होता, आणि नेमका त्या दुसऱ्यांत बिघाड झाला, असें तेव्हां राज्याच्या ऊर्जामंत्र्यांनीं सांगितलें. दुरुस्ती करणें चूक नव्हतें; परंतु एकाची दुरुस्ती चालू असतां दुसरा एकाकी असतो, आणि त्या वेळीं त्याच्यावर दुप्पट लक्ष ठेवावें लागतें, हा त्या दिवसाचा धडा आहे.

दुसरा खड्डा असा, कीं दोन्ही पंप एकाच तळघरांत असतील, तर पुराचें पाणी हा पहिला आणि हा दुसरा असा भेद करीत नाहीं. भांडुपला पाण्यानें दाखविलें तें हेंच. जोडी खरी तेव्हां, जेव्हां दोघांचें मरण एका कारणांत नसतें.

तिसरा खड्डा आपल्याकडील जुन्या कोड्यांत सांगितलेला आहे. घोडा कां अडला, पान कां सडलें, भाकरी कां करपली, या तिन्ही प्रश्नांचें उत्तर एकच: फिरविलें नाहीं म्हणून! राखीव पंपाचेंही तसेंच आहे. तो वर्षभर कोपऱ्यांत उभा राहतो, त्याच्या शाफ्टाला गंज चढतो, मुंबईच्या खाऱ्या दमट हवेंत त्याच्या मोटारीचीं वेटोळीं ओल धरतात, आणि ज्या रात्रीं त्याची गरज पडते त्या रात्रीं तो हूं कीं चूं करीत नाहीं. राखीव यंत्र हें ठराविक वारीं चालविलेंच पाहिजे. पावसाळ्यापूर्वीं नाले साफ करण्याचा मुंबईला जसा परिपाठ आहे, तसाच मे महिन्यांत प्रत्येक कारखान्यानें मोटारींच्या वेटोळ्यांचा विद्युत्‌रोध मेगरनें मोजावा, स्विचबोर्डांचे दरवाजे व केबलींचीं भोकें पाहावीं, पाणी उपसणारे पंप प्रत्यक्ष पाणी घालून चालवून बघावे. तहान लागल्यावर विहीर खणूं नये हें खरें; पण खणलेल्या विहिरीला पाणी आहे कीं नाहीं, हेंही तहान लागण्यापूर्वींच पाहावें.

यंत्र थांबविण्याची विद्या रोज डोळ्यांसमोर पाहावयाची असेल, तर उपनगरवासीयांना दूर जावयास नको. १९२५ च्या फेब्रुवारीच्या ३ तारखेस बोरीबंदरहून कुर्ल्यापर्यंत विजेची गाडी धांवली. १९२८ च्या जानेवारींत पश्चिमेच्या मार्गावर ती बोरिवलीपर्यंत आली. ती वीज १,५०० व्होल्टची होती. पुढें ती बदलून २५,००० व्होल्टची करण्यांत आली, आणि हें प्रचंड स्थित्यंतर पश्चिम रेल्वेवर २०१२ सालीं, तर मध्य रेल्वेच्या हार्बर मार्गावर २०१६ सालीं पुरें झालें. या सर्व काळांत लोकल धांवतच होत्या. हें कसें साधलें? रात्रींची शेवटची लोकल गेल्यावर आणि पहांटेची पहिली येण्यापूर्वीं जे थोडे तास मिळतात, त्यांत. आणि ज्या शब्दानें आपल्या कपाळावर आठ्या पडतात, त्या रविवारच्या मेगाब्लॉकमध्यें. कुर्ला व कांदिवली येथील कारशेडमध्यें गाड्या पाळीपाळीनें तपासल्या जातात, तेव्हां त्या प्रवाशांच्या उपयोगाच्या नसतात; आणि म्हणूनच इतर दिवशीं त्या उपयोगाच्या असतात. पाहुण्यांकडे निघालेल्या कुटुंबाला रविवारीं दादरला गर्दींत उभें राहावें लागतें, हा त्रास खोटा नाहीं. पण रुळांवर वांकलेला तो गँगमन सोमवारीं सकाळीं आठ वाजतां न घडणाऱ्या एका घटनेसाठीं राबत असतो, हेंही त्याच वेळीं आठवावें.

रेल्वेचा ब्लॉक वेळापत्रकांत छापला जातो, म्हणून तो सहसा पाळला जातो. कारखान्यांतील ब्लॉक व्यवस्थापकाच्या मनांत असतो, म्हणून तो पुढें ढकलला जातो. ही मागणी पुरी होऊं द्या, मग पाहूं. दिवाळी होऊं द्या, मग पाहूं. यंत्राला दिवाळी कळत नाहीं. म्हणून ज्या कारखान्याला भरंवसा हवा असेल, त्यानें उत्पादनाच्या तक्त्यांतच थांबण्याचे तास लिहावे, आणि ते तास कोणी मागितले तर ते उसने द्यावे, दान देऊं नयेत. पुढच्या आठवड्यांत ते परत घेतलेच पाहिजेत.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे थांबविण्याचा अधिकार कोणाला? यंत्राचा बदललेला आवाज प्रथम ज्याच्या कानीं पडतो, तो मनुष्य यंत्रापाशीं उभा असतो. आणि यंत्र बंद करण्याचा हुकूम देणारा मनुष्य कांचेच्या खोलींत बसलेला असतो. या दोघांमधील जिना लांब असेल, तर आवाज वरपर्यंत पोंचत नाहीं. जपानांत निप्पॉनडेन्सो या कारखान्यानें एक वेगळी रीति पाडली, आणि १९७१ सालीं तिचा गौरव झाला. यंत्र चालविणाऱ्यानेंच तें पुसावें, तेल घालावें, सैल बोल्ट आवळावा; दुरुस्तीखात्यानें अवघड कामें पाहावीं. यांतील मर्म असें, कीं पुसतांना हात प्रत्येक भागावरून फिरतो, आणि तडा, गळती, उष्णता हीं हाताला आपोआप लागतात. आपल्याकडे खंडेनवमीला यंत्रें बंद ठेवून तीं स्वच्छ पुसतात, त्यांना हळदकुंकू आणि झेंडूचीं फुलें वाहतात. त्या दिवशींचा तो फडका वर्षांतून एकदां न फिरतां आठवड्यांतून एकदां फिरला, आणि फिरतांना डोळे उघडे असले, तर जपानच्या त्या पद्धतीचा अर्धा भाग आपल्या घरींच होता, असें म्हणावें लागेल.

थांबविलेल्या यंत्राविषयीं एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाणें योग्य होणार नाहीं, कारण तिच्यावर जीव अवलंबून असतात. दुरुस्तीसाठीं बंद केलेलें यंत्र दुसऱ्या कोणी नकळत चालू केलें, तर आंत हात घातलेल्या माणसाचें काय होतें, हें सांगावयास नको. पाळी बदलते, नवा माणूस येतो, यंत्र बंद पाहून तो कळ दाबतो. यावर उपाय एकच आहे: दुरुस्ती करणाऱ्यानें मुख्य स्विचला स्वतःचें कुलूप लावावें, त्यावर आपल्या नांवाची पाटी अडकवावी आणि किल्ली आपल्या खिशांत ठेवावी. दोघे काम करीत असतील तर कुलुपें दोन. ज्याची किल्ली त्यानेंच कुलूप काढावें; साहेबाच्या हुकुमानेंही दुसऱ्यानें तें काढूं नये. कुलूप शंभर रुपयांचें असो कीं हजाराचें, त्याच्याइतकें स्वस्त यंत्र कारखान्यांत दुसरें नसेल.

आणि जें थांबविलें आहे तें थांबविलेलें आहे हें विसरूं नये. १९८४ च्या डिसेंबरांत भोपाळ येथें विषारी वायु सुटला, तेव्हां टाकी थंड ठेवणारी यंत्रणा महिन्यांपूर्वींच बंद करण्यांत आली होती, आणि निसटता वायु जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याची नळी गंजल्यामुळें काढलेली होती, ती पुन्हां बसविली गेली नव्हती. माल तयार करणारें यंत्र बंद पडलें कीं सर्वांना कळतें. रक्षण करणारें यंत्र बंद पडलें तर कोणालाच कळत नाहीं, कारण त्याचें काम पडेपर्यंत तें बंद यंत्रासारखेंच दिसतें. म्हणून रक्षक यंत्रांची तपासणी सर्वांच्या आधीं व्हावी, आणि त्यांपैकीं एक जरी दुरुस्तींत असलें, तरी तितका वेळ मुख्य काम थांबविण्याचें धैर्य दाखवावें. हजारों माणसांचे प्राण गेल्यावर शिकलेला हा धडा आहे. तो स्वस्त करून सांगूं नये.

श्रोतेहो, हें सर्व कारखानदारांनीं ऐकावयाचें, आम्हां घरगुती माणसांचा याच्याशीं काय संबंध, असें आपणांस वाटलें असेल. पण उपनगरांतील प्रत्येक गृहनिर्माण संस्था हा आज एक लहानसा कारखानाच आहे. गच्चीवरच्या टाकींत पाणी चढविणारे पंप, उद्वाहन, आग विझविण्याचा पंप, जनित्र, इतकीं यंत्रें तिच्या पोटांत असतात. महाराष्ट्रांत आगीपासून संरक्षणाचा जो २००६ सालचा कायदा आहे, त्याप्रमाणें अग्निशमनाचीं साधनें चालू स्थितींत असल्याचा दाखला वर्षांतून दोनदां, जानेवारींत व जुलैंत, द्यावा लागतो. आपल्या संस्थेच्या वार्षिक सभेंत रंग कोणता लावावा यावर दोन तास चर्चा होते. त्याच सभेंत कोणी उठून असें विचारावें, कीं आगीचा पंप शेवटचा केव्हां चालविला, आणि त्यावेळीं वरच्या मजल्यावरील नळींतून पाणी आलें कीं नाहीं? दाखला कागदाचा असतो. आग कागद वाचीत नाहीं. पाण्याचे दोन पंप असतील तर ते आलटून पालटून चालतात काय? उद्वाहन दुरुस्तीसाठीं बंद ठेवलें, तर चौथ्या मजल्यावरच्या आजोबांना त्याची सूचना आदल्या दिवशीं मिळते काय? शेवटचा प्रश्न क्षुल्लक नाहीं. आगाऊ दिलेली सूचना हीच थांबविलेल्या आणि थांबलेल्या यंत्रांमधील रेषा आहे.

या विषयावर बोलतांना मोठमोठीं यंत्रें आणि परदेशचीं नांवें घ्यावीं लागलीं. पण ज्या गुणावर हें सारें उभें आहे तो घरगुतीच आहे. ज्या घरांत कंदिलाची कांच रोज संध्याकाळ होण्यापूर्वीं पुसली जात असे, त्या घराला अंधारांत चांचपडावें लागत नसे. कांच पुसणाऱ्या हाताची आठवण दिवा लागल्यावर कोणी काढीत नव्हता. आपल्या शहराला पाणी, वीज आणि गाड्या पुरविणारे असे हजारों हात आज रात्रींही कामाला लागतील. त्यांनीं एखाद्या दिवशीं “आज दोन तास थांबूं द्या,” असें म्हटलें, तर त्यांना ते दोन तास आपण द्यावे. ते दिले नाहींत, तर यंत्र ते घेतल्यावांचून राहत नाहीं. आणि घेतांना तें दोनावर थांबत नाहीं.